आत्तीला सांगितलेल्या दोन बातम्या

माझ्या सत्काराला जो कुणी बोलायला उभा राहतो तो एकच किस्सा सांगतो. बातमीपत्र चालू असताना बाईंच्या हातात घरच्याच माणसाच्या मृत्यूची चिठ्ठी आली, बाईंनी ती वाचली, आणि आवाज तसूभर हलला नाही. टाळ्या पडतात. मी खुर्चीत मान खाली घालून बसते. लोकांना वाटतं विनय आहे. कसला डोंबलाचा विनय! मला त्या वेळी उठून पळून जावंसं वाटतं, आणि आजवर एकदाही मी उठलेली नाही.

किस्सा तसा खोटा नाही. फक्त तो स्टुडिओत संपतो. त्याचा पुढचा भाग माझ्या आत्तीच्या ओसरीवर घडला, आणि तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

आत्ती म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण. आमचं गाव बाजारकुणंगच्या अंगाला, रानात. आत्तीचं सासर त्याहून आत, दिग्गीच्या वाटेवरची वाडी. मी चार वर्षांची असताना आई तापानं गेली आणि आप्पांनी मला आत्तीच्या पदरात घातलं. आत्ती तेव्हा नुकतीच विधवा झालेली, कडेवर एक मुलगा. तिनं आम्हा दोघांना एका ताटात जेवू घातलं. खोड्या माझ्या असायच्या, तो बिचारा गरीब, पण मार दोघांना सारखा. नाक पुसायची तिची एक तऱ्हा होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि अशी खसाखसा पुसायची की नाक लालबुंद व्हायचं. कुणी पाहुणा आला आणि ‘ही कुणाची?’ म्हणाला की आत्ती मुद्दाम मोठ्यानं सांगायची, ‘माझी पोरगी हाय.’

आप्पांची भाताची दोन खाचरं होती, आणि पाऊस सरला की ते जंगलात मजुरीला जायचे. पण आजूबाजूच्या गावांत त्यांना ओळखायचे ते सांगाव्यासाठी. आमच्याकडं कुणी वारलं की पाहुण्यांना कळवायला एक माणूस पायी जातो. तो निरोप म्हणजे सांगावा. आमच्या रानात आजही फोनला रेंज मिळत नाही, तेव्हा तर विचारूच नका. आप्पा सांगावा घेऊन कुठं कुठं जायचे! एकदा अणशीपर्यंत चालत गेलेले मला आठवतात. सांगाव्याचे नियम त्यांना पाठ होते. उंबरा ओलांडायचा नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही. अंगणात उभं राहून पहिल्यांदा विचारायचं, ‘जेवण झालं का?’ माणसं ताटावर असली तर थांबायचं, कितीही वेळ लागला तरी थांबायचं. हात धुऊन झाले की मग सांगायचं, आणि तेही एकदम नाही. ‘जास्त झालंय, चला,’ एवढंच. बाकीचं वाटेनं, चालता चालता. अंगणात उभा राहून कुणी जेवणाचं विचारू लागला की शहाण्याला कळायचंच काय ते. तरी विचारणारा विचारायचा, आणि तो शहाणाही कळून न कळल्यासारखं करत ताटातलं संपवायचा.

आणखी एक नियम होता. बाईमाणसानं सांगावा न्यायचा नाही.

सात-आठ वर्षांची असताना मी हट्ट करून एकदा आप्पांच्या मागं गेले होते. पाऊस धो धो. त्या घरात पंगत बसलेली आणि आप्पा घोंगडी पांघरून फणसाखाली उभे. माझ्या पायाला जळवा लागलेल्या, मी वैतागलेली. म्हटलं, ‘आप्पा, सांगून टाका की. घरी जाऊया.’ ते म्हणाले, ‘जेवू दे त्यास्नी. रडाय ताकद लागती, बाळ.’

मी रामनगरच्या मराठी शाळेत शिकले आणि कॉलेजला बेळगावला गेले. आमच्यात मामाच्या मुलीवर आत्तीच्या मुलाचा हक्क असतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. आत्तीनं कधी तोंडानं काढलं नाही, पण माझ्यासाठी दोन पाटल्या जपून ठेवल्या होत्या. मी बेळगावातच नोकरी धरली, तिथंच लग्न केलं. आत्तीनं पाटल्या पुन्हा ट्रंकेत टाकल्या आणि माझ्या लग्नात सगळ्यांपेक्षा जास्त नाचली. आत्तीचा मुलगा पुढंही बिनलग्नाचाच राहिला. आता याचा सिनेमा करू नका. माझ्यासाठी कुणी झुरत वगैरे नव्हतं, रानातल्या वाडीत मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं, इतकंच. तो जीप चालवायचा. माझं लग्न झाल्यावर मला राखीला दरवर्षी कोकमांची पिशवी आणून द्यायचा आणि माझ्या घरचा चहा फिका असतो म्हणून चिडवायचा.

नोकरी म्हणजे एका स्थानिक मराठी वाहिनीची. वाहिनी हा शब्द मोठा झाला, कपड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. भिंतीला निळं कापड, खिडकीला आवाज येऊ नये म्हणून गादी ठोकलेली. पंखा चालू केला की आवाज येतो म्हणून तो बंद. अंगावर घडी मोडलेली कडक साडी, ब्लाउज ढगळ म्हणून पाठीमागून कपड्यांना लावायचे चिमटे, आणि टेबलाखाली पायात स्लीपर. पुढून बघणाऱ्याला मी महाराणी दिसायचे. माझ्या ‘न्हाई’चं ‘नाही’ आणि ‘हाय’चं ‘आहे’ करायला सहा महिने गेले. संपादकांना आम्ही सर म्हणायचो. ते पान चघळत समोर बसायचे आणि माझ्या तोंडून चुकून ‘व्हय’ गेलं की टेबलावर पट्टी आपटायचे. मी म्हणायचे, ‘सर, पट्टी मोडेल, मी नाही मोडायची.’

त्या वाहिनीवर तोवर बाईनं बातम्या वाचलेल्या नव्हत्या. मला घेतलं खरं, पण दिलं काय? हवामान, महिला मंडळं आणि भाजीचे भाव. साडेसातचं मुख्य बातमीपत्र पुरुषांचं. राजकारण, अपघात, निधन, या सगळ्याला ते ‘जड बातम्या’ म्हणायचे. मी विचारलं, मला जड का नाही देत? सर म्हणाले, ‘बाईचा आवाज फुटतो. आणि बाईच्या तोंडून कुणी गेल्याचं ऐकायला लोकांना बरं वाटत नाही.’ माझ्या डोक्यात सणक गेली. बाईमाणसानं सांगावा न्यायचा नाही, हे ऐकत मी वाढले होते, आणि इथं शहरात, कॅमेऱ्यासमोर, पुन्हा तेच! दोन वर्षं भांडले. शेवटी एक दिवस पुरुष वाचक आजारी पडला आणि साडेसातला दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशीच नेमका एक मोठा अपघात झाला होता. ती बातमी मी वाचली. आवाज फुटला नाही. प्रेक्षकांचे फोन आले, बाई नको म्हणून. महिनाभरानं फोन आले, बाईच हव्यात म्हणून.

दोन गोष्टी मी त्या खोलीत शिकले. पहिली, डोळा कायम एक ओळ पुढं ठेवायचा. तोंड एक ओळ वाचत असतं तेव्हा डोळ्यानं पुढची वाचून ठेवलेली असते, म्हणजे अडखळायला होत नाही. दुसरी, शेवटी नमस्कार म्हणायचा आणि हसायचं. बातमी कसलीही असो. संगीत वाजेपर्यंत कॅमेरा तोंडावर असतो, तोवर हसू पुसायचं नाही. मी मनात पाच आकडे मोजायचे.

वाहिनी डिशवर दिसू लागली तसा आत्तीच्या मुलानं टीव्ही आणला. छपरावर डिश बसवायला स्वतः चढला, खाली पडता पडता वाचला. वाडीत तो पहिला टीव्ही. रोज साडेसातला आठ-दहा माणसं आत्तीच्या ओसरीवर जमायची आणि आत्ती मधोमध ताट घेऊन बसायची. ती जेवायचीच त्या वेळेला. म्हणायची, पोरगी समोर असली की चार घास जास्त जातात. राजकारणातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती माझी साडी बघायची, मी वाळलेय का ते बघायची. शेवटी मी नमस्कार करून हसले की इकडून ती हात जोडून हसायची. मला हे सांगून तिचा मुलगा पोट धरून हसायचा.

आप्पांनी मला बातम्या वाचताना पाहिलं ते आत्तीकडंच. पुढच्या भेटीत म्हणाले, ‘चांगलं वाचतीस. दम हाय आवाजात.’ माझी छाती फुगली. मग जरा वेळ तंबाखू मळत बसले आणि विचारलं, ‘पन ऐकनारं जेवलंय का न्हाई, ते तुला कसं कळतं गं?’

मी हसले. म्हटलं, ‘आप्पा, बातमी आहे ती. सांगावा नव्हे.’

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मला वाटलं, त्यांना पटलं.

तो दिवस पावसाळ्याच्या अखेरीचा. बातमीपत्र निम्मं झालं होतं. सर वाकून टेबलाच्या कडेनं आले, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून गुडघ्यावर, आणि एक चिठ्ठी सरकवून गेले. घाटात जीप दरीत कोसळली, चार ठार. खाली चार नावं, गावांसकट. मी बातमीची पहिली ओळ वाचायला लागले, आणि सवयीनं डोळा पुढं गेला. तिसरं नाव आत्तीच्या मुलाचं होतं. नाव, बापाचं नाव, वाडी, सगळं.

इथंच तो किस्सा खोटा पडतो. सत्कारात सांगतात की बाईंना धक्का बसला, पण कर्तव्य म्हणून वाचत राहिल्या. तसं काही झालं नाही. धक्का नंतर बसला. त्या घटकेला मी पुरती शुद्धीवर होते. पहिली दोन नावं वाचेपर्यंत माझ्याकडं वेळ होता, आणि त्या वेळात मी विचार केला. थांबता आलं असतं. ‘मृतांची नावं थोड्या वेळात देऊ’ म्हणून पुढच्या बातमीवर जाता आलं असतं, असं आम्ही कितीदा तरी केलं होतं. माझ्या मनात काय आलं सांगू? आत्ती आली, ताट आलं. आणि त्याच्या मागोमाग आलं की आज अडखळलीस तर उद्या हे म्हणतील, बघा, शेवटी बाईच. दोन वर्षं भांडून मिळवलेली खुर्ची होती ती. मी तिसरं नाव वाचलं. चौथं वाचलं. भाताच्या पिकावरची बातमी वाचली. नमस्कार म्हटलं आणि हसले. पाच मोजले.

कॅमेरा बंद झाल्यावर मी म्हटलं, ‘तिसरा माझा आतेभाऊ होता.’ सरांचे डोळे भरले. म्हणाले, ‘आणि आवाज हलला नाही! शाब्बास!’ आणि मला, देवा, त्या शाब्बासकीनं क्षणभर बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे.

आप्पांना ती खबर संध्याकाळी गावातल्या चौकीवरून मिळाली होती. ते तडक आत्तीकडं निघाले. काठी घेतली, बॅटरी घेतली, वाटेत मनाशी शब्द जुळवले असतील. ओढ्यावरचा साकव ओलांडला तेव्हाच त्यांना वाडीतला आकांत ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांचा सांगावा उशिरा पोचला. अंगणात जाऊन बघतात तो ओसरीवर ताट तसंच, भात कालवलेला, आणि टीव्ही चालूच.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. आप्पा अंगणात उकिडवे बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘मी पोचायच्या आदी तू पोचलीस.’ त्यानंतर त्यांनी कुणाचाच सांगावा नेला नाही. लोक बोलवायला आले की पाय दुखतात म्हणायचे.

आत्ती आत भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या पायाशी पडले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, ‘हसलीस की गं.’

त्या तीन शब्दांना मी काय उत्तर देणार होते? कॅमेरा असतो, संगीत वाजेपर्यंत थांबावं लागतं, असा नियम आहे? ओरडली असती, मारलं असतं, तर मी जन्मभर तिची ऋणी राहिले असते. तिनं तसलं काही केलं नाही. तेरावं झाल्यावर मी परत निघाले, तर दारात येऊन म्हणाली, ‘या. जपून जावा.’

या. जावा. मला! जिनं माझ्या जळवा काढल्या, जिच्या कुशीत मी दहा वर्षं निजले, ती मला अहो-जाहो करत होती, तहसीलदारीणबाईंना करतात तशी. मला वाटलं, दुःखात आहे, जाईल. गेलं नाही. सणावाराला गेले की ‘बसा’, ताट वाढलं की ‘घ्या’. आदरातिथ्यात काडीची कसर नाही. माझ्या आवडीची फणसाची भाजी करायची, निघताना कोकमं बांधून द्यायची. टीव्ही तिनं वाडीतल्या दुसऱ्या घरी देऊन टाकला. ‘माझी पोरगी’ हे शब्द मी त्यानंतर तिच्या तोंडून ऐकले नाहीत. पाहुण्यांना सांगायची, ‘माझ्या भावाची लेक. टीव्हीत असतात.’

इकडं माझं नाव होत गेलं. पहिली महिला वृत्तनिवेदिका म्हणून हारतुरे, शाली, नारळ. नव्या मुली यायच्या, पाया पडायच्या, किस्सा सांगा म्हणायच्या. मी सांगायचेही. चिमट्यांचं सांगून हसवायचे. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच होतं. आत्तीनं मला एकदा तू म्हणावं. शिवी दिली तरी चालेल, पण तू म्हणून द्यावी. हट्टी बाई आहे मी, जे हवं ते भांडून मिळवत आले. हे भांडून मिळत नव्हतं.

गेल्या वर्षी वाहिनीनं मला निरोप दिला. आता तिथं कॉम्प्युटरनं बनवलेली मुलगी बातम्या वाचते. तिला घाम येत नाही, तिच्या पाठीला चिमटे नाहीत, आणि शेवटी ती अगदी माझ्यासारखी हसते. मी एकदा पाहिलं आणि बंद केलं. आप्पा तोवर अंथरुणाला खिळले होते. नवरा म्हणाला, जा, काही दिवस तिकडं राहा. मी गावी आले ती राहिलेच.

आप्पांचं शरीर गेलं होतं, डोकं लख्ख होतं. एक दिवस दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. म्हणाले, ‘माझं झालं म्हंजे तुझ्या आत्तीला सांगाय कुणाला धाडशील?’

‘असं काय बोलता आप्पा.’

‘बोलाय नगं? फोन लागत न्हाई तिकडं. चांगला गडी मानूस धाड. गडबड्या नगं.’

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, ‘मी जाईन.’

आता म्हणतील, बाईमाणूस चालत न्हाई. भांडायची तयारी करूनच बसले होते. ते मात्र वर आढ्याकडं बघत राहिले. पेज गार झाली. मग म्हणाले, ‘जेवू दे तिला आदी.’

पंधरा दिवसांनी सकाळी, उन्हं अंगणात आली तेव्हा, आप्पा गेले. गावातली माणसं जमली. लाकडं, बांबू, भटजी, ज्याचं त्यानं वाटून घेतलं. एक शेजारी म्हणाला, ‘मी मोटारसायकलवरनं जाऊन दिग्गीच्या वाटेचा सांगावा देऊन येतो, ताई, तुमी बसा.’ मी म्हटलं मी जाणार. ‘बाईमाणूस कसं जाईल?’ मग मात्र माझं टाळकं सटकलं. म्हटलं, ‘माझ्या बापानं मला सांगितलंय. तुम्हाला काय विचारायचं ते त्यांनाच विचारा, ते बघा तिथं निजलेत.’ शेवटी एवढंच ठरलं की जीप मागनं साकवापर्यंत येऊन थांबेल, आत्तीला चालवणार नाही म्हणून.

मी पायीच गेले. वाटेनं शब्द घोकत होते. आत्ती, आप्पांना जास्त झालंय, चला. एवढीच ओळ. आयुष्यात हजारो ओळी वाचल्या. खाचरांतला भात पोटरीला आलेला, कडेच्या चिखलात गव्यांचे खूर उमटलेले. साकव ओलांडला. आप्पा त्या रात्री इथंच थबकले असतील.

आत्ती ओसरीवर होती. आता ऐंशीच्या घरात, कमरेत वाकलेली. पितळीत पेज ओतून, बाजूला भाजलेला सुका बांगडा घेऊन नुकतीच बसत होती. मला बघून म्हणाली, ‘या. बसा. सकाळी सकाळी कशा काय आलासा?’

मी वर गेले नाही. अंगणातच फणसाजवळ थांबले. विचारलं, ‘आत्ती, जेवण झालं का?’

आत्तीचा हात पितळीवर थांबला. तिनं माझ्या पायांकडं बघितलं, चिखलाचे, उंबऱ्यापासून दहा हात लांब उभे. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. तिच्या भावानं हा प्रश्न किती अंगणांत विचारला होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘बसतोय आता.’

आणि ती जेवली. घाई केली नाही. पेजेचा एकेक घोट, बांगड्याचा एकेक तुकडा. मधे एकदा डोळे मिटून बसली, मला वाटलं आता टाकते, पण तिनं पुन्हा पितळी उचलली. मी उभी. तिकडं आप्पांच्या भोवती माणसं ताटकळत असतील, जीप येऊन थांबली असेल, पण मी हललेच नाही. त्या रात्रीचं ताट माझ्या डोळ्यांपुढं होतं, कालवलेला भात. आत्तीनं शेवटी पितळी बोटानं पुसून चाटली, तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं, आणि पायरीवर येऊन बसली.

‘झालं जेवून,’ म्हणाली. ‘सांगा.’

मी तोंड उघडलं. आत्ती, आप्पांना जास्त झालंय, चला. एवढंच म्हणायचं होतं. आवाज आलाच नाही. मग जे फुटलं ते रडणं सुद्धा नव्हतं, नुसतं ओरडणं. मी त्या अंगणात खाली बसले, नाकातोंडातून पाणी, केस सुटलेले, आणि लहान पोरासारखी हमसून हमसून रडले. आप्पांसाठी रडले, त्या भावासाठी रडले ज्याचं नाव मी नीट, स्पष्ट, आडनावासकट वाचलं होतं. किती वेळ ते माहीत नाही. आत्ती मला ‘गप’ म्हणाली नाही. तिनं माझं वाक्यही पुरं केलं नाही. थांबली.

मग ती उठली. हळूहळू पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि माझं नाक खसाखसा पुसलं. दुखलं.

‘तवा बी असंच रडायचं हुतंस की गं, बये,’ ती म्हणाली. ‘मला तेवढंच बघायचं हुतं.’

तिचेही डोळे वाहत होते. तिनं मागं जाऊन दार ओढलं, कडी घातली, काठी घेतली आणि माझ्यापुढं वाटेला लागली. साकवाजवळ येऊन थांबली.

‘ऊठ, चल लवकर,’ तिथनंच ओरडली. ‘भाऊ वाट बघत आसंल माझा.’